माजी सैनिक, हिशेबनीस, कुटुंबवत्सल

मराठी वर्तमानपत्रातली निधनवार्ता एका ठरलेल्या साच्यात बसवलेली असते. माणूस कसाही गेला असो, तो एकतर 'अल्पशा आजाराने' जातो, नाहीतर 'वृद्धापकाळाने'. शेजाऱ्याशी धुऱ्याच्या वादात बारा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेला माणूसही तिथे 'मनमिळाऊ स्वभावामुळे सर्वपरिचित' असतो. शेवटी 'त्यांच्या पश्चात मुलगे, सुना, मुली, जावई, नातवंडे असा मोठा आप्तपरिवार आहे' एवढं लिहिलं की तालुक्याचा वार्ताहर हात झटकतो. मधल्या दोन ओळी तेवढ्या गेलेल्या माणसाच्या मालकीच्या. सत्तर-ऐंशी वर्षांचं आयुष्य त्या दोन ओळींत कोंबायचं असतं, म्हणून विशेषणंही तयारच असतात : माजी सैनिक, निष्णात हिशेबनीस, कुटुंबवत्सल गृहस्थ.

वर्धा जिल्ह्यात यातल्या पहिल्या विशेषणाला तोटा पडायचं कारण नाही. या जिल्ह्यात दारूला बंदी आहे आणि दारूगोळ्याचं देशातलं एक मोठं कोठार पुलगावला आहे. हिशेबनीसही बाजारपेठेच्या गावात असायचेच. कुटुंबवत्सल तर काय, गेल्यावर सगळेच असतात. पण तिन्ही विशेषणांवर कागदोपत्री हक्क सांगावा असा एक म्हातारा गृहस्थ या जिल्ह्यात दहा वर्षं राहून गेला. पत्ता : मुक्काम सेगाव, वर्ध्याहून पाच मैल. नाव मोहनदास करमचंद गांधी. त्यांची निधनवार्ता वर्ध्याच्या वार्ताहराने साच्याप्रमाणे लिहायची म्हटली असती, तर बिचाऱ्याचं काय झालं असतं?

आधी फौजेचं पाहू. १८९९ साली दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटलं, तेव्हा नुकत्याच तिशीत आलेल्या या बॅरिस्टराने जखमींना वाहून नेणारी हिंदी लोकांची तुकडी उभी केली. माणसं अकराशे. त्यातले तीनशेच्या आसपास स्वतंत्र, बाकीचे गिरमिटिया मजूर. स्पिऑन कॉपच्या लढाईत जखमी झालेल्या जनरल वुडगेटसारख्या बड्या साहेबालाही याच तुकडीच्या खांद्यावरून मागे यावं लागलं. डोली खांद्यावर घेऊन दिवसाला वीस-पंचवीस मैलांची चाल असायची. पुढे सेगावला आलेल्या पाहुण्यांना हा म्हातारा फिरायला नेऊन दमवायचा, त्याची तालीम इथे झाली होती.

१९०६ मध्ये झुलूंचं बंड झालं. तेव्हा चोवीस माणसांच्या तुकडीचं प्रमुखपण आलं आणि त्यासोबत तात्पुरता का होईना, हुद्दाही मिळाला : सार्जंट मेजर. अंगावर गणवेशही चढला. प्रत्यक्षात तिथे बंड म्हणावं असं काही दिसलंच नाही. फटक्यांनी सोलवटून निघालेले झुलू दिसले, ज्यांच्या जखमा धुवायला गोरे कोणी तयार नव्हते. ते काम सार्जंट मेजरसाहेबांनी केलं. सहा आठवड्यांत नोकरी संपली.

तर 'माजी सैनिक' हे विशेषण पक्कं झालं. आता आपल्याकडचा माजी सैनिक पदकांचं काय करतो? काचेच्या कपाटात मांडतो आणि प्रजासत्ताक दिनाला कोटावर लावून झेंडावंदनाला पहिल्या रांगेत बसतो. यात गैर काही नाही, ती कमाई त्याचीच. या माजी सैनिकाकडे बोअर युद्धाचं पदक होतं, झुलू मोहिमेचं होतं आणि वर कैसर-ए-हिंदचं सोन्याचं पदक होतं. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी तिन्ही पदकं व्हाइसरॉयला पत्रासह परत पाठवून दिली. त्याआधी १९१८ मध्ये हेच गृहस्थ खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरून सरकारी फौजेसाठी जवान भरती करू पाहत होते. अहिंसेचा पुरस्कर्ता रणात चला म्हणून विनवतोय, हे लोकांना पचेना. काही महिन्यांपूर्वीच तिथल्या सत्याग्रहात ज्यांनी बैलगाड्या फुकट दिल्या, ते आता भाड्यानेही देईनात. जेवणाची पंचाईत नको म्हणून डबा सोबत बांधून दिवसाला वीस-वीस मैल पायपीट. शेवटी जवान मिळाले ते फारच थोडे आणि सार्जंट मेजर मात्र आव पडून अंथरुणाला खिळले. तेवढ्यात महायुद्धच संपलं. भरतीचा विषयही संपला.

खरी गंमत दुसऱ्या विशेषणात आहे.

विलायतेला गेलेल्या तरुण मोहनदासने आधी पैसा उडवून पाहिला. एकोणीस शिलिंगांची उंच टोपी घेतली, बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा सूट शिवला, तीन पौंडांचं व्हायोलिन घेतलं. व्हायोलिन वाजेना, नाचात ताल सापडेना. मग डोळे उघडले आणि वहीही उघडली. बसचं भाडं, टपालाची तिकिटं, वर्तमानपत्राचे दोन-चार पेन्स, सगळं टिपायचं आणि रात्री निजण्यापूर्वी शिल्लक जुळवायची. जुळल्याशिवाय झोप नाही. गाडीभाडं वाचवायला दिवसाला आठ-दहा मैल चालायचं. एखाद्याला विलायतेहून येताना छत्री लाभते, एखाद्याला मडम. यांना रोजखर्डा लाभला, आणि तो मरेपर्यंत सुटला नाही.

पुढे दक्षिण आफ्रिकेत नाताळ इंडियन काँग्रेसची वर्गणी गोळा करायला टोंगाट गावी गेले होते, तेव्हाची गोष्ट त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. यजमानाकडून सहा पौंडांची अपेक्षा होती, यजमान तीनवर अडून बसले. रात्र झाली, पोटात कावळे ओरडू लागले, जेवण तयार होतं. पण तीन पौंड घेऊन जेवले तर पुढच्या गावात सगळेच निम्म्यावर येणार. मंडळी जेवायलाच बसेनात, आणि उठूनही जाईनात. रात्रभर असा बिनआवाजी धरणा चालला. पहाट फुटताना यजमानाने सहा पौंड मोजले आणि मग सगळ्यांना वाढलं. गणपतीच्या वर्गणीला येणाऱ्या पोरांनी हा प्रसंग वाचलेला नाही, हे आपलं नशीब.

पुढे त्यांच्या सहीलाही भाव आला. हरिजन निधीला पाच रुपये दिल्याशिवाय सही मिळायची नाही. आलेल्या पत्रांच्या कोऱ्या बाजू आणि लिफाफे उलटून त्यावर मजकूर लिहिला जायचा. देशाच्या राजकारणातले कितीतरी गंभीर मसुदे कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिले गेले असतील, तर नवल वाटायला नको. काका कालेलकरांनी एक आठवण सांगितली आहे. काँग्रेसच्या अधिवेशनाच्या धामधुमीत गांधीजी काहीतरी शोधत होते. काय हरवलं, तर दोन इंचांहून लहान पेन्सिलीचा तुकडा. काका आपली पेन्सिल द्यायला लागले, ती नको. मद्रासला नटेसन यांच्या लहानग्या मुलाने तो तुकडा प्रेमाने दिला होता, हरवून कसा चालेल? दोघांनी मिळून शोधला, सापडला, मग देशाचं काम पुढे सरकलं.

असा माणूस. त्याला शेरास सव्वाशेर भेटला तो जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. जन्म तंजावरचा, १८९२ चा, ख्रिस्ती घरातला. लंडनमध्ये शिकून रीतसर हिशेब तपासनीस झालेला, मुंबईत स्वतःची पेढी चालवलेली, पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला. मे १९२९ मध्ये साबरमतीला भेटायला गेला तो रेशमी सुटाबुटात. झाडाखाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा सूत कातत बसलेला. भेटीला थोडा अवकाश होता, म्हणून साहेब काठी टेकून बघत उभे राहिले. थोड्या वेळाने म्हाताऱ्याने विचारलं, कुमारप्पा का? तेव्हा कुठे साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. रेशमी सुटाची इस्त्री मोडून तेही जमिनीवर बसले.

१५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला. मदतनिधीचा हिशेब सांभाळायला कुमारप्पांना नेलं. त्यांनी कार्यकर्त्यांच्या जेवणाला दिवसाला तीन आणे ठरवून दिले. तेवढ्यात गांधीजींचा लवाजमा पाटण्याला आला. लवाजम्यातल्यांना शेळीचं दूध, फळं, सुकामेवा, आणि फिरायला मोटार. कुमारप्पांनी गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांना सरळ सांगितलं की यांचा खर्च आणि पेट्रोल भूकंपाच्या निधीतून होणार नाही, तुमचं तुम्ही बघा. गांधीजींनी बोलावून विचारलं, हे काय? मी आलो तो भूकंपाच्याच कामासाठी ना! कुमारप्पांनी तीन आण्यांचा नियम पुढे ठेवला. पैसा लोकांनी भूकंपग्रस्तांना दिलाय, नियम सगळ्यांना सारखा. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, त्याच्याच वहीवर लाल शाईचा शेरा पडला. गांधीजींनी तो निमूट मान्य केला. वर एवढ्यावर न थांबता, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला तेव्हा त्याचं चिटणीसपद याच माणसाच्या गळ्यात घातलं. जमनालाल बजाजांनी वर्ध्यातली आपली बाग आणि बंगला संघाला दिला, मगनलाल गांधींच्या आठवणीने तिचं नाव मगनवाडी झालं आणि तंजावरचे कुमारप्पा वर्धेकर झाले.

मगनवाडीतला १९३५ सालचा स्वयंपाक हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. खर्च कमी आणि पोषण जास्त, या हिशेबाने तिथे पानात काय पडेल याचा नेम नसे. कडुनिंबाच्या पाल्याची चटणी हा त्यातला मानाचा पदार्थ. पंगतीत कुमारप्पांच्या पानात गांधीजींनी ती आग्रहाने वाढली. शेजारी वल्लभभाई होते. त्यांचा शेरा असा की बापूंनी सुरुवात शेळीच्या दुधापासून केली, आता शेळीच्या चाऱ्यावर आलेत. विदर्भातल्या माणसाला ही चटणी फारशी परकी नाही, गुढीपाडव्याला तो ती चिमूटभर खातो. मगनवाडीत पाडवा रोज असे, एवढाच फरक.

त्याच स्वयंपाकघरात सोयाबीनचेही प्रयोग झाले. मांसापेक्षा स्वस्त प्रथिनं, असं गणित होतं आणि त्यावर 'हरिजन'मध्ये लेखही आले. खाणाऱ्यांच्या चेहऱ्यांची नोंद कुठे सापडत नाही. आज वर्धा-देवळीच्या रस्त्याने पावसाळ्यात जा, नजर पोचेल तिथवर सोयाबीन. शेतकरी ते पिकवतो, बाजार समितीत नेतो, भाव ऐकून कपाळाला हात लावतो आणि घरी येऊन तुरीचं वरण खातो. या हिशेबाचं काय झालं, ते कुमारप्पांनाही सांगता आलं नसतं.

आणि हिशेबावरचा सगळ्यात जबर आक्षेप कुणा तपासनिसाने नाही, सरोजिनी नायडूंनी घेतला. बापूंना गरिबीत ठेवायला फार पैसे लागतात, अशा अर्थाचं त्यांचं वाक्य तेव्हापासून देशभर फिरतंय. त्यात तथ्य होतंच. तिसऱ्या वर्गाने प्रवास करणाऱ्या माणसाभोवती गर्दी आवरायला किती जण लागतात, हे तिकिटावर लिहिलेलं नसतं. हा खर्च उचलणाऱ्या जमनालालजींचं खातं उघडून पाहिलं असतं तर कुमारप्पांनी डोळेच मिटून घेतले असते.

३० एप्रिल १९३६ ला हे गृहस्थ सेगावला राहायला गेले. वर्ध्याचा एप्रिल ज्याने सोसलाय, त्याला यातलं धाडस कळेल. ज्या दिवसांत वर्धेकर दुपारी दाराला ओली खसाची ताटी लावून आत पडून राहतो, त्या दिवसांत सहासष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याने वर्धा सोडून खेड्याची वाट धरली. ठरवलं होतं की एकटंच राहायचं, सोबत कोणी नको, खेड्यात खेडूत होऊन राहायचं. झालं काय, तर आदिनिवास नावाच्या त्या एका खोलीत एका कोपऱ्यात बापू, दुसऱ्यात कस्तुरबा, कुठे प्यारेलाल, कधी सरहद्दीहून आलेले धिप्पाड खान अब्दुल गफार खान, कधी खंजिरीसह तुकडोजी महाराज. महादेवभाई मगनवाडीत राहून रोज साडेपाच मैल चालत यायचे आणि तेवढेच परत जायचे. एकान्ताचा हिशेब पहिल्याच पावसाळ्यात चुकला.

टपालाचाही चुकला. रेल्वेच्या मोठ्या लाइनवर बुलढाणा जिल्ह्यात शेगाव, गजानन महाराजांचं. इकडे सेगाव, गांधी महाराजांचं. टपाल खात्याने आपल्या बुद्धीप्रमाणे जास्त माहितीच्या महाराजांकडे पत्रं धाडली. व्हाइसरॉयचं पत्र शेगावला समाधीच्या दारात आणि नवसाचं पत्र सेगावला, असाही घोळ झाला असल्यास कुणी कबूल केलेलं नाही. शेवटी १९४० मध्ये गावाचंच नाव बदलून सेवाग्राम केलं. तरी आजही बोलताना जुना वर्धेकर पटकन सेगाव म्हणून जातो. व्हाइसरॉय लिनलिथगोंनी या खेड्यात टेलिफोन बसवून दिला, म्हणजे पत्राची कटकटच नको. तो टेलिफोन आश्रमात आजही ठेवलाय. त्याच्याजवळच साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजराही आहे. कुठल्या पाहुण्यासाठी काय वापरायचं, हे बापूंना माहीत असणार.

आता तिसरं विशेषण. कुटुंबवत्सल.

कुटुंब मोठं होतं, यात वाद नाही. त्यात परचुरे शास्त्री होते, संस्कृतचे पंडित, महारोग झाल्याने जवळच्यांनाही नकोसे झालेले. १९३९ मध्ये ते सेवाग्रामला आले. त्यांच्यासाठी आपल्या कुटीजवळच वेगळी कुटी बांधली आणि झुलूंच्या जखमा धुणारा माजी सार्जंट मेजर पुन्हा कामाला लागला. रोजचं मालीश स्वतः. त्यात भणसाळी होते. पूर्वाश्रमीचे प्राध्यापक, कच्चं पीठ आणि निंबाचा पाला खाऊन राहणारे. मौन मोडू नये म्हणून त्यांनी एकदा तारेने ओठच शिवून घेतले होते. त्यात पाचवा मुलगा म्हणवून घेणारे जमनालाल होते. नात्याने कोणी कोणाचं लागत नव्हतं आणि तक्रारी मात्र सख्ख्या भावंडांसारख्या. कुणाचं पोट साफ नाही, कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाला एनिमा द्यायचा, कुणाला मातीची पट्टी. व्हाइसरॉयच्या पत्राच्या आधी या तक्रारी ऐकल्या जायच्या.

सख्ख्यांची गोष्ट वेगळी. इथे वहीवाल्याने कुटुंबवत्सलाला वेळोवेळी मागे ढकललं. १९०१ मध्ये नाताळहून निघताना निरोपाची भेट म्हणून कस्तुरबांना पन्नास गिनींचा सोन्याचा हार मिळाला. नवऱ्याने तो परत करायला लावला. बांनी सुनांचं काय, म्हणून विचारलं, मुलांना बैरागी करताय आणि मला हार ठेवू देत नाही, म्हणून सुनावलं, रडल्या. हार विश्वस्त निधीत गेला. १९२९ मध्ये तर कहर. कुणीतरी बांना भेट दिलेले चार रुपये त्यांनी कार्यालयात जमा न करता जवळ ठेवले. घरात नवऱ्याचं लक्ष जाईल एवढी ही रक्कम, आणि भांडायला चार भिंती पुरत्या. यांनी तो प्रकार 'नवजीवन'मध्ये छापून आणला. जगात बायकोने साखरेच्या डब्यात ठेवलेल्या पैशांवर नजर ठेवणारे नवरे पुष्कळ झाले, पण त्यावर लेख लिहिणारा हा एकच. शिल्लक जुळली असेल. संसार म्हणून पाहिलं तर माझ्या मते तो हिशेब चुकलाच.

थोरला हरिलाल तर वहीच्या कुठल्याच रकान्यात बसला नाही. बापाशी बिनसलेला, दारूत बुडालेला. बापू सेगावला राहायला गेले त्याच महिन्यांत तो मुसलमान होऊन अब्दुल्ला झाला आणि वर्षअखेर परतही आला. त्याची कटनी स्टेशनवरची गोष्ट प्रसिद्ध आहे. गाडी थांबली, गर्दी गांधीजींचा जयजयकार करत होती. त्यातून एकच आवाज आला, माता कस्तुरबांचा जय. फाटक्या अंगाने हरिलाल पुढे आला आणि त्याने खिशातून एक संत्रं काढून आईच्या हातात दिलं. मला काय आणलंस, बापूंनी विचारलं. हे फक्त बासाठी, तो म्हणाला. तुम्ही मोठे झालात ते तिच्यामुळे, हे विसरू नका. आईने त्याच्यासमोरच ते खाल्लं. गाडी हलली आणि मग बांच्या ध्यानात आलं की आपल्या डब्यात फळांच्या करंड्या आहेत आणि पोराला आपण काहीच दिलं नाही. त्यांनी हात बाहेर काढेस्तोवर गाडीने फलाट सोडला होता.

आर्वी, आष्टी, कारंजा हे वर्धा जिल्ह्यातले संत्र्यांचे तालुके. तिथे संत्रं मोजतात ते शेकड्याने.

तर वार्ताहराचं काय झालं असतं? 'माजी सैनिक' लिहून पुढे पदकं परत केल्याचं लिहावं लागलं असतं. 'हिशेबनीस' लिहिताना तीन आण्यांपुढे हार मानल्याचं. 'कुटुंबवत्सल' पाशी पेन थबकलं असतं. 'त्यांच्या पश्चात चार मुलगे, सुना, नातवंडे' इथवर ठीक. आप्तपरिवार मोजायला मात्र जनगणनेचं खातं बोलवावं लागलं असतं. आणि 'वृद्धापकाळाने'? या गृहस्थांनी १९४२ मध्ये सव्वाशे वर्षं जगण्याचा बेत जाहीर केला होता. २५ ऑगस्ट १९४६ ला ते सेवाग्रामहून दिल्लीला निघाले, ते थोड्या दिवसांच्या कामासाठी. परत यायचं होतं, फेब्रुवारी १९४८ मध्ये सेवाग्रामला कार्यकर्त्यांचं संमेलनही ठरत होतं. ३० जानेवारीच्या संध्याकाळी साच्यातले दोन्ही शब्द एकदमच निकामी झाले. सव्वाशेतली सेहेचाळीस वर्षं येणे बाकी राहिली.

बारा वर्षांनी, १९६० मध्ये, कुमारप्पाही गेले. तारीख तीच, ३० जानेवारी. काटेकोर माणूस.

गांधीजींच्या अस्थींचा काही भाग पवनारला धाम नदीत विसर्जित झाला. तेव्हापासून १२ फेब्रुवारीला तिथे मेळा भरतो आणि लोक स्वतः कातलेलं सूत घेऊन येतात. विनोबांनी याला सूतांजली म्हटलं. माणशी एक गुंडी. एका गुंडीत ६४० तार असतात, आणि ६३९ भरले तर तिला गुंडी म्हणत नाहीत.